तीन काळ्या चकत्या: मॉट निरोधकाच्या डोपिंगचा एक प्रयोगसंच

अतिसंवाहकतेचे, म्हणजे विद्युतरोध पूर्ण नाहीसा होण्याचे, प्रात्यक्षिक दाखवणारे बहुतेक संच एकाच दृश्यावर उभे असतात: काळी चकती, तिच्यावर ओतलेला द्रवरूप नायट्रोजन आणि तिच्या वर अधांतरी राहिलेला छोटा चुंबक. प्रस्तुत संचातही हे दृश्य आहेच. मात्र त्यात एकाऐवजी तीन चकत्या दिल्या आहेत आणि त्यांपैकी दोन चुंबकाला केसभरही उचलत नाहीत. माझ्या मते संच घेण्याजोगा ठरतो तो या दोन ‘निकामी’ चकत्यांमुळेच, कारण मॉट निरोधकात, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या परस्पर तिरस्करणामुळे वीज वाहू न देणाऱ्या पदार्थात, डोपिंग केल्यावर, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन थोडे कमी-जास्त केल्यावर, इलेक्ट्रॉनांच्या अवस्था कशा पालटतात, हे टेबलावर ठेवून, साध्या मीटरने, जेवढे दाखवता येईल तेवढे त्या दाखवतात. सोबतची पुस्तिका मात्र या चकत्यांच्या तोडीची नाही. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

तिन्ही चकत्या यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडच्या, म्हणजे वायबीसीओच्या आहेत. व्यास सुमारे २५ मिलिमीटर, भुकटी दाबून आणि भाजून केलेल्या. पितळी आवरणावर ६.१, ६.६ आणि ६.९५ असे आकडे कोरलेले आहेत. एका यिट्रियममागे ऑक्सिजनचे सरासरी किती अणू, एवढाच त्यांचा अर्थ. प्रत्येक चकतीला चार तारा आणि तापमान मोजणारे एक थर्मोकपल जोडलेले आहे. त्याखेरीज स्थिर विद्युतप्रवाह देणारी पेटी, प्रवाहाची दिशा उलटवणारा खटका, चुंबक, प्लास्टिकचा चिमटा, थर्माकोलचे भांडे आणि चकतीची एक बाजू तापवण्यासाठी लहानसा तापक, असे साहित्य आहे. यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचे प्रमाण तिन्ही चकत्यांत सारखेच आहे; पहिल्या आणि तिसऱ्या चकतीत दहा ग्रॅम वजनामागे फरक पडतो तो जेमतेम ०.२ ग्रॅम ऑक्सिजनचा. एवढ्या फरकावर एक चकती निरोधक राहते आणि दुसरी ९२ केल्व्हिनच्या, म्हणजे सुमारे उणे १८१ अंश सेल्सिअसच्या आसपास अतिसंवाहक होते.

पुस्तिका सुरुवात करते ती तिसऱ्या चकतीपासून, कारण ती चुंबक तरंगवते. वापरणाऱ्याने पुस्तिकेचे न ऐकता पहिल्या चकतीपासून सुरुवात करावी. ६.१ची चकती मीटरला जोडल्यावर नेहमीच्या तापमानालाच तिचा रोध तिसरीच्या कितीतरी पट भरतो, आणि ती थंड करत गेल्यावर तो घटण्याऐवजी वाढत वाढत लवकरच पेटीच्या आवाक्याबाहेर जातो. ही चकती निरोधक आहे, यात वरवर पाहता आश्चर्य नाही. ऑक्साइडे पुष्कळदा निरोधकच असतात. आश्चर्य आहे ते हिशेबात. तिच्यातील तांबे-ऑक्सिजनच्या थरांत प्रत्येक तांब्यावर ३डी कक्षकांत दहापैकी नऊ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे सर्वांत वरचा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचा सलग पल्ला) अर्धाच भरलेला असतो, आणि अर्धा भरलेला पट्टा असलेला पदार्थ नेहमीच्या पट्टासिद्धांताप्रमाणे धातू असायला हवा. हीच विसंगती १९३७ मध्ये डी बोअर आणि फेरवे यांनी निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थांच्या बाबतीत मांडली होती, आणि त्याच वर्षी पायर्ल्स आणि मॉट यांनी तिचे मूळ इलेक्ट्रॉनांच्या परस्पर तिरस्करणात असल्याचे सुचवले. एका तांब्यावरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या तांब्यावर गेला, तर तिथे आधीच असलेल्या इलेक्ट्रॉनाशी त्याला जागा वाटून घ्यावी लागते, आणि त्याची किंमत तांब्याच्या बाबतीत सुमारे ८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर शेजाऱ्याकडे जाण्याने होणारी बचत एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही आत राहते. साहजिकच प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकतो आणि अर्धा भरलेला पट्टा मधोमध दुभंगतो.

येथे पुस्तिकेने एक बारकावा गाळला आहे. तांबे-ऑक्सिजनच्या थरात रिकामा वरचा पट्टा तांब्याचा असतो. पण भरलेल्या अवस्थांत सर्वांत वर असतात त्या प्रामुख्याने ऑक्सिजनच्या. त्यामुळे प्रत्यक्षातली फट ८ इलेक्ट्रॉन व्होल्टची नसून जवळपास पावणेदोनाची आहे, आणि डोपिंगने निर्माण होणारे होल, म्हणजे इलेक्ट्रॉन काढल्याने उरलेल्या रिकाम्या जागा, ऑक्सिजनवर अधिक वस्ती करतात. झानेन, सावात्स्की आणि ॲलन यांनी १९८५ मध्ये ही वर्गवारी स्पष्ट केली, आणि झांग व राइस यांनी १९८८ मध्ये दाखवले की ऑक्सिजनवरचा होल मधल्या तांब्याच्या स्पिनाशी, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनाच्या अंगभूत चुंबकत्वाशी, जोडी जमवतो आणि ती जोडी एका रिकाम्या जागेसारखी वागते. म्हणून साधे मॉट चित्र येथे बऱ्याच अंशी चालते. हा दुवा दोन परिच्छेदांत देता आला असता. तो न दिल्यामुळे पुस्तिका एका पानावर होल तांब्यावर आहे असे म्हणते आणि पुढच्या आकृतीत तो ऑक्सिजनवर काढते, आणि विचारी विद्यार्थी नेमका तिथेच अडतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या चकतीच्या बाबतीत सांगायला हवी होती. ती तिच्यातील स्पिनांच्या मांडणीची. शेजारशेजारच्या तांब्यांचे स्पिन परस्परविरुद्ध दिशांना असतात आणि ही प्रतिलोहचुंबकीय मांडणी सुमारे ४०० केल्व्हिनपर्यंत टिकते. म्हणजे टेबलावर पडलेली ती चकती नेहमीच्या तापमानालाही आतून चुंबकीय शिस्तीत बांधलेली असते, फक्त एकूण चुंबकत्व शून्य असल्यामुळे संचातल्या चुंबकाला त्याचा पत्ता लागत नाही. डोपिंगने पहिला घाव बसतो तो याच शिस्तीवर.

ऑक्सिजन घातल्याने होल कसे येतात, हे पुस्तिकेने चांगले समजावले आहे. जादा ऑक्सिजन तांबे-ऑक्सिजनच्या थरात शिरत नाही. तो दोन थरांच्या दरम्यान असलेल्या साखळ्यांत बसतो आणि तिथून थरातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. सुरुवातीला आलेले एकटेदुकटे अणू साखळीतल्या तांब्याकडूनच इलेक्ट्रॉन घेऊन समाधानी होतात, त्यामुळे थराला त्यांची झळ फारशी लागत नाही. साखळ्यांचे सलग तुकडे तयार होऊ लागले की थरातून इलेक्ट्रॉन जाऊ लागतात. म्हणूनच ऑक्सिजनचा आकडा ६ पासून वाढला तरी प्रतिलोहचुंबकत्व बराच काळ तग धरते आणि ६.३५ ते ६.४च्या सुमारास चित्र झपाट्याने बदलते. लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये हा प्रवास अधिक सरळ आहे, कारण तिथे लँथॅनमच्या जागी बसलेला स्ट्राँशियमचा प्रत्येक अणू थराला एक होल देतो: तांब्यामागे ०.०२ होल झाले की दूरवरची प्रतिलोहचुंबकीय मांडणी नाहीशी होते, ०.०५च्या किंचित पुढे अतिसंवाहकता सुरू होते, ०.१६च्या आसपास तिचे तापमान सर्वाधिक असते आणि ०.२७च्या सुमारास ती संपते. हा तक्ता पुस्तिकेत आहे आणि तो स्वच्छ छापला आहे.

माझी मुख्य तक्रार आहे ती ‘डोपिंग म्हणजे काय’ या प्रकरणाविषयी. तिथे सिलिकॉनचे चित्र जसेच्या तसे उचलून ठेवले आहे: पट्टे आपल्या जागी स्थिर, त्यांतली फट तशीच, आणि डोपिंगमुळे फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा, तेवढी वरखाली सरकते. सिलिकॉनमध्ये हे बरोबरच आहे; तिथे दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू पुरतो आणि एवढ्या भेसळीने सिलिकॉनचे पट्टे जागचे हलत नाहीत. मॉट निरोधकात मात्र पट्टे हे इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधातूनच उभे राहिलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन काढला की पट्टाच बदलतो. शंभर जागांचा विचार करू. प्रत्येक जागी एक इलेक्ट्रॉन असताना खालच्या पट्ट्यात शंभर भरलेल्या आणि वरच्या पट्ट्यात शंभर रिकाम्या अवस्था असतात. आता एक इलेक्ट्रॉन काढला. रिकाम्या झालेल्या जागी नवा इलेक्ट्रॉन वरच्या किंवा खालच्या दिशेच्या स्पिनासह, कसाही येऊ शकतो, आणि दोन्ही वेळा त्याला तिरस्करणाची किंमत द्यावी लागत नाही. म्हणजे फर्मी पातळीलगत दोन रिकाम्या अवस्था मिळाल्या. उरलेल्या नव्व्याण्णव जागांमुळे खाली नव्व्याण्णव भरलेल्या आणि वर नव्व्याण्णव रिकाम्या अवस्था राहिल्या. एक इलेक्ट्रॉन काढून जवळ दोन अवस्था मिळाल्या, आणि त्यांतली एक कित्येक इलेक्ट्रॉन व्होल्ट दूर असलेल्या वरच्या पट्ट्यातून आली. सिलिकॉनमध्ये असा हिशेब कधीच होत नाही.

क्युप्रेटांत, म्हणजे अशा तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या पदार्थांत, ऑक्सिजनच्या सहभागामुळे आणि इलेक्ट्रॉनांच्या उड्यांमुळे हा हिशेब नेमका दोनावर थांबत नाही. पण दुरून जवळ होणारे हे स्थलांतर १९९१ मध्ये लँथॅनम स्ट्राँशियम कॉपर ऑक्साइडवर केलेल्या क्ष-किरण शोषणाच्या मोजणीत उघड दिसले. स्ट्राँशियम वाढवल्यावर कमी ऊर्जेला एक नवे शिखर उगवते आणि वरच्या पट्ट्याचे शिखर खचत जाते. त्याच वर्षीच्या प्रकाशीय मोजणीतही २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे शोषण घटून ते फटीच्या आत उतरताना दिसले. हे संचात दाखवणे अशक्य आहे, त्याला क्ष-किरणांचा मोठा स्रोत लागतो. परंतु पुस्तिकेत एक आलेख देणे अशक्य नव्हते. ज्या संचाचा विषयच डोपिंग आहे, त्याने डोपिंगचे चुकीचे चित्र छापावे, हा दोष मी लहान मानत नाही.

त्याच प्रकरणाच्या शेवटी मात्र पुस्तिकेला एक उपमा छान सुचली आहे: पंधरा सोंगट्या आणि एक रिकामा खण असलेले सरकते कोडे. खण रिकामा नसेल तर एकही सोंगटी हलत नाही. एक खण रिकामा झाला की सगळ्याच हलू शकतात. पुस्तिका येथेच थांबते, पण उपमा याहून पुढे जाते. रिकामा खण फिरवत नेला की त्याच्या वाटेवरच्या सोंगट्यांचा क्रम विस्कटतो. तसाच होल फिरला की त्याच्या मागे स्पिनांची उलटसुलट मांडणी मोडलेली राहते आणि प्रत्येक पावलागणिक ऊर्जेचे कर्ज वाढते. कोड्यात हा विस्कोट आपोआप भरून येत नाही. पदार्थात तो शेजारच्या स्पिनांच्या अदलाबदलीने भरून येतो, पण त्या अदलाबदलीची ऊर्जा ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या किंचित वर, म्हणजे उडीच्या ऊर्जेच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी असते. म्हणून होलाचा वेग उडीच्या ऊर्जेवर ठरत नाही, तो स्पिनांच्या सावरण्यावर ठरतो, आणि होल अपेक्षेपेक्षा पुष्कळ जड भासतो.

आता ६.६ची चकती. संच विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना ती खराब निघाली असे वाटेल, कारण नायट्रोजनमध्ये बुडवूनही ती चुंबक उचलत नाही. तिच्यात काहीही बिघाड नसतो. या डोपिंगला अतिसंवाहकता सुमारे ६० केल्व्हिनला सुरू होते आणि द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनच्या खाली जात नाही. पुस्तिकेत हे लिहिले आहे, पण तळटिपेत. माझ्या दृष्टीने तिन्हींतली सर्वांत मोलाची चकती हीच. तिचा रोध थंड करताना घटत जातो, म्हणजे ती निरोधक उरलेली नाही. परंतु तिसऱ्या चकतीचा रोध तापमानाबरोबर जसा जवळपास सरळ रेषेत उतरतो, तसा हिचा उतरत नाही. तापमान अतिसंवाहकतेच्या कितीतरी वर असतानाच हिची रेषा वाकते. भुकटीपासून केलेल्या चकतीत कणांच्या सीमांमुळे हे वळण धूसर दिसते. एकस्फटिकावर ते ठळक दिसले असते.

त्या वळणामागे स्यूडोगॅप, म्हणजे फर्मी पातळीजवळ अर्धवट उघडलेली फट, आहे. १९८९ मध्ये वायबीसीओवरच्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या मोजणीत असे दिसले की कमी डोपिंगच्या नमुन्यांत स्पिनांचा प्रतिसाद अतिसंवाहकता सुरू होण्याच्या बराच आधीपासून खालावत जातो, जणू फर्मी पातळीजवळच्या काही अवस्था गायब होत आहेत. पुढे प्रकाशविद्युत मोजणीने १९९८ मध्ये दाखवले की अवस्था सर्वच दिशांनी सारख्या जात नाहीत. फर्मी पृष्ठाचे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेचे, कर्णाजवळचे तुकडे टिकतात, बाकीच्या भागावर फट उघडते, आणि उरतात त्या सुट्या कमानी. मॉट निरोधक मोडून धातू होतो तो एका दमात, संपूर्ण फर्मी पृष्ठासकट होत नाही. मधल्या टप्प्यात त्याच पदार्थाचे इलेक्ट्रॉन एका दिशेने धातूसारखे आणि दुसऱ्या दिशेने निरोधकासारखे वागतात. या कमानींचा अर्थ काय, त्यांमागे मॉट फटीचा अवशेष आहे की आणखी एखादी लपलेली मांडणी, यावर तज्ज्ञांत एकमत झालेले नाही. पुस्तिका मात्र एकच स्पष्टीकरण निर्णायक असल्यासारखे देते.

तिसऱ्या चकतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती तरंगवते, चांगली तरंगवते, चुंबकाला बोटाने गिरकी दिली तर तो बराच वेळ फिरत राहतो. सांगण्यासारखी गोष्ट अशी की वायबीसीओमध्ये तांब्यामागे ०.१९ होलांच्या सुमारास विद्युतभारवाहकांची संख्याच उडी घेते: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉल परिणामाच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडव्या उपजणाऱ्या व्होल्टेजच्या, मोजणीत ती डोपिंगएवढी असलेली संख्या एक अधिक डोपिंग एवढी झालेली आढळली. जागी अडकलेला तो एक इलेक्ट्रॉन अखेर मोजणीत आला, असा याचा सरळ अर्थ लावता येतो. ही मोजणी प्रचंड चुंबकीय क्षेत्रात अतिसंवाहकता दाबून करावी लागते. संचात हॉलची सोय नाही आणि ती नसल्याचा दोष मी देणार नाही.

सोय आहे ती उष्माविद्युत दाबाची, म्हणजे तापमानातल्या फरकामुळे उपजणाऱ्या व्होल्टेजची, आणि या संचातील सर्वांत कल्पक भाग मला तोच वाटला. चकतीची एक कड तापकाने थोडी गरम करायची आणि दोन कडांमधला दाब मोजायचा. ६.१च्या चकतीत तो मोठा आणि धन येतो, ६.६मध्ये बराच कमी होतो आणि ६.९५मध्ये शून्याच्या जवळ जातो. साध्या धातूत हा दाब अंशामागे काही मायक्रोव्होल्टच असतो. थोडेच होल असलेल्या मॉट निरोधकात मात्र मोजक्या होलांना असंख्य जागांचे आणि प्रत्येक जागी दोन स्पिनांचे पर्याय उपलब्ध असल्यामुळे त्यांची एन्ट्रॉपी, म्हणजे मांडणीच्या शक्यतांचे माप, मोठी असते आणि दाब अंशामागे शेकडो मायक्रोव्होल्टच्या घरात जाऊ शकतो. नेहमीच्या तापमानाला, नायट्रोजनचा थेंबही न वापरता, डोपिंगचे माप मिळते. संशोधनातही क्युप्रेटांचे डोपिंग ताडण्यासाठी हीच युक्ती वापरतात.

बांधणीविषयी थोडे. चार तारांची रचना योग्य आहे. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह जातो आणि आतल्या दोनांवर दाब मोजला जातो, त्यामुळे जोडांचा रोध मोजणीत येत नाही. प्रवाह उलटवणारा खटका अवश्य वापरावा. तो न वापरता ६.९५च्या अतिसंवाहक चकतीवर काही मायक्रोव्होल्ट दिसतात आणि रोध शून्य झालाच नाही असा समज होतो. दोन्ही दिशांच्या वाचनांतील फरकाचा अर्धा भाग घेतला की तारांच्या जोडांवर उपजणारा तो परका दाब वजा होतो. थर्मोकपल चकतीच्या तळाशी चिकटवलेले आहे, वाचन मात्र वरच्या बाजूचे होते, त्यामुळे घाईने थंड केल्यास उतरतानाचा आणि चढतानाचा आलेख जुळत नाहीत. नायट्रोजन आटू द्यावा आणि चकती थर्माकोलच्या भांड्यात हळूहळू तापत असताना वाचने घ्यावीत. इलेक्ट्रॉन डोपिंगचा एकही नमुना संचात नाही, ही उणीव खरी आहे. निओडिमियम सीरियम कॉपर ऑक्साइडची एक चकती असती, तर त्या बाजूला प्रतिलोहचुंबकत्व ०.१३ डोपिंगच्या आसपासपर्यंत टिकते आणि होल घालणे व इलेक्ट्रॉन घालणे सममित नाही, हे सांगायला आधार मिळाला असता.

नायट्रोजन हाताळताना गॉगल आणि खेळती हवा हवीच. चकत्यांत बेरियम असल्यामुळे त्या कोरू किंवा घासू नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. पाणी हा वायबीसीओचा शत्रू आहे. प्रयोगानंतर चकतीवर जमलेले दव कोमट हवेने वाळवून तिला सिलिका जेलच्या डबीत ठेवले नाही, तर काही महिन्यांत पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पदव्युत्तर वर्गाला हा संच मी निःशंक सुचवीन. केवळ तरंगणारा चुंबक दाखवायचा असेल, तर एका चकतीचा साधा संच पुरेल.

शेवटच्या पानावर एक प्रयोग सुचवला आहे: ६.१ची चकती ऑक्सिजनच्या प्रवाहात सुमारे ४५० अंश सेल्सिअसला बराच वेळ ठेवून सावकाश थंड केली की ती ऑक्सिजन परत घेते आणि पुढच्या वेळी चुंबक उचलते. कल्पना उत्तम आहे, परंतु चकती पितळी आवरणात इपॉक्सीने बसवलेली असल्यामुळे ती भट्टीत घालता येत नाही. उत्पादकाने आवरण नसलेली एक सुटी ६.१ची चकती आणि तिचे नेमके वजन सोबत दिले, तर शिरलेला ऑक्सिजन तराजूवरच मोजता येईल.